प्रिंटर कंपनीला दिलेलं निवेदन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच. नववीत शाळा सुटली, म्हणून आधीच माफी मागतो. पण दारव्ह्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलं की किस्से साचतात, कीबोर्डमध्ये कचरा साचतो तसे. उलटा केला की पडतातच!

*

आमचे मालक सलीमभाई. जुना लॅपटॉप आला की आम्ही त्यात लिनक्स टाकतो. ही सिस्टीम फुकट मिळते, कुणीही वापरावी, आणि मरायला टेकलेलं मशीनही पळायला लागतं. एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"याच्यात व्हायरस येत नाही म्हणता?"

"सहसा नाही," सलीमभाई म्हणाले.

"मंग तुमी खासान काय?"

*

जवळच्या बंजारा तांड्यावर सविताताई राठोड मुलींचा कॉम्प्युटर क्लास घेतात. त्यांचे बारा लॅपटॉप आम्हीच लिनक्सवर चालू करून दिले. मग ग्रामपंचायतीने नवा प्रिंटर दिला, आणि तो लिनक्सवर चालेना! कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हरच, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअरच, बनवलं नव्हतं. एका पानासाठी मुली दारव्ह्याला यायच्या. जीप तर भरल्याशिवाय हलत नाही.

सरपंचांनी सांगून टाकलं, "कॉलेजचे फॉर्म सुरू होयपर्यंत प्रिंट निघाली त ठीक. नाही त क्लासची खोली खताच्या पोत्यायले."

*

सलीमभाईंनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "सर, लिनक्स यूज़ कौन करता है?"

सलीमभाईंनी दुकानावर नजर फिरवली. "काउंटर पे चार खड़े हैं, मॅडम. बैठे हुओं को भी गिनूँ क्या?"

*

मग सलीमभाईंनी नियमच केला. माल घेताना प्रत्येक वस्तूचं विचारायचं, "लिनक्सवर चालते का?" बघता बघता बाजारातले बाकीचे दुकानदारही विचारायला लागले. यवतमाळच्या होलसेलरने आठ दिवस सहन केलं आणि शेवटी पाटी लावली: 'लिनक्स का मत पूछो. हम भी कंपनी से पूछ रहे हैं.'

सलीमभाई एवढे खूश झाले की त्या पाटीचा फोटो काढला!

*

यवतमाळच्या एका हॉटेलात कंपनीने डीलर लोकांची मीटिंग ठेवली. सविताताई आमच्यासोबत तहसीलला देतात तसं निवेदन घेऊन आल्या. 'विषय: प्रिंटर लिनक्सवर चालू करणेबाबत.' खाली सह्या आणि अंगठे. मागे मी एक कागद जोडला होता: हे मॉडेल आतून तुमच्या जुन्या मॉडेलसारखंच दिसतं, आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर तुमच्याकडे आहे.

कंपनीचे टायवाले साहेब म्हणाले, "ईमेल कर दीजिए."

"थो बी केला. याची पोच द्या."

"पोच?"

"दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का! तहसीलदार देते, तुमाले काय झालं?"

साहेबांकडे शिक्का कुठला! पण ताई हलेनात. शेवटी साहेबांनी हॉटेलच्या काउंटरवरून शिक्का मागवला आणि मारला. म्हणजे आमची तक्रार कागदोपत्री हॉटेलनेच स्वीकारलेली आहे!

*

काही आठवड्यांनी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. "ते जुन्या मॉडेलचं कुणी ओळखलं?"

मी फोन कानाला धरून काउंटरवरचे स्क्रूच मोजायला लागलो. सलीमभाईंनी फोन हिसकावून घेतला. "वो शरमाता है साब. पर सही बोला ना?"

सही होतं! इंजिनिअरने ड्रायव्हर बनवला आणि तपासायला आमच्याकडे पाठवला.

फॉर्म सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. आम्ही तांड्यावर पोचलो तर सरपंच टेपने खोलीची लांबी-रुंदी मोजत होते. मुली प्रिंटरभोवती दाटीने उभ्या. ड्रायव्हर टाकला आणि लॅपटॉप ताईंकडे सरकवला. त्यांनी पटापट काहीतरी निवडलं आणि प्रिंट दाबलं. प्रिंटर गुरगुरला. थांबला. परत गुरगुरला, आणि पान आलं!

एकच ओरडा झाला. ताईंच्या याडीने, म्हणजे आईने, मशीनवरूनच हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सरपंचांनी पान उचललं आणि मोठ्याने वाचलं:

"विषय: याच मशीनचा स्कॅनर लिनक्सवर चालू करणेबाबत."

ताईंनी पेन पुढे केला. "पयली सही तुमची, सरपंचसाहेब."

त्यांनी टेप खिशात घातला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं शटर उघडायच्या आधी, मी स्वतः इंजिनिअरला फोन लावला.