जिन्याखालचा फ्यूज

हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटायला आले. चहा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "लई देवमाणूस, वहिनी. आमच्या दिव्यांच्या माळेचा रेडिओला त्रास व्हतोय म्हणून एकदा सांगितलं असतं, तर बंद केली असती की." एकदा! दोन वर्षं हा माणूस त्यांच्या दारात जाऊन हात जोडत होता... माझं रडू तिथंच आटलं.

यांना दूरदूरची मिडियम वेव्ह केंद्रं ऐकायचा नाद. कागलच्या एमआयडीसीत फिटर होते. निवृत्तीनंतरही उजाडायच्या सुमारास रेडिओ घेऊन गॅलरीत बसायचे. समुद्रापलीकडची, पश्चिमेची केंद्रं तेवढ्याच वेळात खरखरत का होईना लागतात. ऐकलेलं वहीत टिपायचं, केंद्राला कळवायचं आणि तिकडून खातरी करून आलेलं कार्ड भिंतीवर चिकटवायचं. भिंत भरली होती. आफ्रिकेतल्या एका लहानशा केंद्राचं कार्ड तेवढं राहिलं होतं, कारण त्यांना वीस मिनिटांचा तपशील हवा असे. महापुरात वीज गेली तेव्हा अख्खं कोल्हापूर शिव्या देत होतं आणि आमचे हे गॅलरीत खुशीत हसत होते. वीज नाही म्हणजे रेडिओत घरघर नाही! ते केंद्र तेव्हा आठ मिनिटं स्वच्छ लागलं... ऊन वर आलं आणि विरलं.

पुढे वरच्यांनी मुलाच्या लग्नासाठी गॅलरीला दिव्यांची माळ सोडली. लग्न झालं, नातू रांगायला लागला, माळ तिथंच, दिवसरात्र चालू. तिच्या वायरीवरच्या, वीज पुरवणाऱ्या स्वस्तातल्या डबीमुळे आमच्या रेडिओत पिठाच्या गिरणीसारखी घरघर. "सकाळी अर्धाच तास बंद ठेवा," हे विनवायचे. उत्तर ठरलेलं. "शोभा हाय ती घराची. रेडिओ कोण ऐकतंय आता? मोबाईल घ्या की, पावणं!" इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला पावणं! हे खाली येऊन वहीत व्यत्ययाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचे, 'माळ'.

एका पहाटे हे जिन्याखाली, मीटरच्या फळीवरच्या त्यांच्या फ्यूजला हात घालून उभे होते. मीच मागे ओढलं. "अवो, शेजार हाय. रोज तोंड बघायचं हाय." निमूट आले. पुढच्या महिन्यात छातीत कळ आली आणि गेले. वरच्यांचा मला राग आहेच, पण त्या दिवशीच्या माझ्या शहाणपणाचाही तितकाच आहे.

आता रोज पहाटे मीच तो फ्यूज काढते आणि यांचा रेडिओ घेऊन गॅलरीत बसते. वर गीझर गार पडतो, साबण लावलेल्या अंगानं वरचे वीज कंपनीच्या नावानं ओरडतात, आणि मला बरं वाटतं... अगदी मनापासून. वायरमन तीनदा आला. तोवर फ्यूज जागेवर असतो, त्याला काय सापडणार?

गेल्या आठवड्यात ते आफ्रिकेतलं केंद्र लागलं. पूर्ण वीस मिनिटं. बाई बातम्या सांगत होती, मग ढोल, मग पुन्हा बाई. सगळं यांच्याच वहीत टिपलं. ऐकणाऱ्याचं नाव मात्र माझं घातलं. खोटं यांना चाललं नसतं. व्यत्ययाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. भिंतीवर कार्डापुरती जागा यांनी राखून ठेवलेली आहे.

पेपरची ही पुरवणी वरच्यांकडेही येते, म्हणजे हे आता वाचतच असतील. वाचा, भावजी. माळ मुकाट्यानं उतरवा, नाहीतर उद्या पहाटे जिन्याखाली या. मी फ्यूजला हात घालून तिथंच उभी असेन, आणि मला मागे ओढणारं आता कुणी नाही.