प्रमिलाताई आणि सहा थेंबांचा मार्बल

प्रमिलाताई आजगावकर यांची आणि माझी पहिली भेट मी त्यांचं काम बिघडवल्यामुळे झाली. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, आज जिथे त्यांचा स्टुडिओ आहे त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या औषधांच्या पॅकिंगच्या कंपनीत मी टायपिंग करत होते. एका दुपारी तळमजल्यावर चपलेचा पट्टा सुटला, म्हणून गाळ्याबाहेर भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या लादीवर मी आधाराला हात ठेवला. हात चिकटला. ती लादी नव्हतीच, रंग ओला असलेलं प्लायवूड होतं, आणि त्यावर माझी पाचही बोटं छान उमटली होती.

आतून पदर खोचलेल्या, हातात स्पंज घेतलेल्या एक बाई आल्या. आता आपली काही धडगत नाही असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरा मार्बल वाटला ना तुला?" मी मान हलवली. "मग रडतेस कशाला? शनिवारी ये. तुझी बोटं तूच बुजव."

त्या शनिवारी मी गेले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितीलच. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर ताई अंधेरीतल्याच एका चित्रपट स्टुडिओत सेट रंगवण्याच्या खात्यात लागल्या. त्या खात्यात त्या एकट्याच बाई. थर्माकोलचा दगड करायचा, प्लायवूडचं सागवान करायचं, पत्र्याचं पितळ करायचं, हे तिथलं रोजचं काम. कॅमेरा दहा फुटांच्या आत येत नाही, तेव्हा फार जीव काढू नका, असं तिथले मोठे पेंटर सांगत. ताईंना ते कधी पटलं नाही. माणूस हात लावेपर्यंत त्याला कळता कामा नये, हा त्यांचा हट्ट. पुढे सेटवर छापील शीट चिकटवायची पद्धत आली, रंगवणारे हात कमी झाले, तेव्हा ताईंनी हा गाळा घेतला आणि शिकवायला सुरुवात केली.

त्यांच्या वर्गात गृहिणी आल्या, अंतर्गत सजावटीचं काम करणारी तरुण मुलं आली, निवृत्त झालेले काका आले. बेस कोट, त्यावर ग्लेझचा पातळ, पारदर्शक थर, स्पंजाने ढग, पिसाने शिरा, असा सगळा क्रम त्या हातात हात धरून शिकवत. प्रमाण मात्र कधी सांगत नसत. पांढऱ्यात निळा स्टेनर, म्हणजे छटा आणणारा दाट रंग, किती घालायचा, असं कोणी विचारलं की म्हणत, "डोळे कशाला दिलेत देवाने?" आणि सरावाला रंगवलेली प्लायवूडची प्रत्येक पाटी दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात उन्हात मांडायची, हा नियम. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग सभ्य दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, असं त्यांचं म्हणणं. उन्हातली ही फेरी म्हणजे आमची परीक्षाच असे. भलेभले तिथे घाम पुसत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

माझी कंपनी बंद पडली तेव्हा ताईंनी मला दिलासा देणारं एक वाक्यही ऐकवलं नाही, कामच दिलं. मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार सागवानासारखं करायचं होतं. मी एकटीने केलं आणि घाईत, खालचा थर पुरता वाळायच्या आत, वॉर्निश मारलं. पंधरा दिवसांत दाराचे पापुद्रे निघायला लागले. मी ताईंना म्हटलं, वरून एक हात मारते, कळणार नाही. ताई दुसऱ्या दिवशी खरवडणी घेऊन स्वतः मुलुंडला आल्या. दवाखान्यातल्या स्टुलावर बसल्या आणि मला अख्खं दार लाकडापर्यंत खरवडायला लावलं. स्वतः हात लावला नाही. डॉक्टरांनी चहा विचारला तेव्हा दोन कप सांगितले आणि माझा कप माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला. चूक झाकली की दुप्पट होते, एवढंच परतीच्या रिक्षात म्हणाल्या. हे मला कळलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

खरी गोष्ट पुढे आहे. ती या ग्रंथात यावी का, याबद्दल मी बरेच दिवस घुटमळत होते. ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ते लिहिणार नसशील तर लेख देऊच नकोस.

टाळेबंदीत गाळ्याला कुलूप लागलं. ताई एकट्या राहतात. पहिले काही आठवडे फोनवर त्यांचा आवाज इतका बारीक येई की मला दहिसरच्या माझ्या घरी बसून धडकी भरत असे. मग त्यांच्या भाच्याने त्यांना मोबाइलवरून वर्ग घ्यायचं सुचवलं. सत्तरीच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्टूल उलटं ठेवून, त्याच्या पायाला रबरबँडने फोन बांधून शिकवायला सुरुवात केली. हात धरायची सोय नव्हती, म्हणून शब्द शोधावे लागले. जन्मात कधी न सांगितलेलं प्रमाणही सांगावं लागलं, कारण लांबच्या माणसाच्या ताटलीत डोकावता येत नाही. ताईंनी एकेक थेंब मोजत ताटलीत रंग कालवला आणि मनासारखा झाल्यावर सांगितलं, वाटीभर पांढऱ्याला निळ्याचे सहा थेंब.

जाण्यायेण्याची मुभा मिळाल्यावर मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाऊ लागले. फोन सांभाळायचा आणि विद्यार्थ्यांचे लेखी प्रश्न वाचून दाखवायचे, हे माझं काम. तिसऱ्याच तासाला मला त्यांचा पांढरा निळसर वाटला. वाटलं, ट्यूबलाइटचा दोष असेल. घरी जाताना ताटली खिडकीत नेऊन पाहिली. नीळ जास्त झालेल्या बनियनसारखा रंग होता तो. ताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना पांढरा पिवळट दिसत होता आणि पिवळेपणा मारायला त्या निळा घालत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी ताई म्हणाल्या होत्या, हा वर्ग नसता तर मी भिंतीशी बोलायला लागले असते. माझी जीभ उचलली नाही. मी काय केलं, तर फोनमध्ये रंगाची ऊब वाढवायची जी सोय असते ती वापरली. पडद्यावर ताईंचा मार्बल दुधासारखा दिसू लागला. विद्यार्थी मात्र घरी इमानदारीत सहा थेंब घालत होते. बोरिवलीच्या मीनल नावाच्या विद्यार्थिनीने तीनदा लिहिलं की आमचा निळा होतोय. मी ते प्रश्न ताईंना वाचून दाखवलेच नाहीत. उलट मीनललाच कळवलं, तुमच्या घरातला दिवा तपासा. असे आठ आठवडे गेले. इतक्या वर्षांत ताईंनी मला जे शिकवलं त्याची मी पुरती वाट लावली, आणि तेही त्यांच्यावरच्या मायेपोटी.

गाळा उघडल्यावर त्या तुकडीतले पंधरा-सोळाजण आपापल्या पाट्या घेऊन आले. नियमाप्रमाणे पाट्या उन्हात मांडल्या. निळ्याशार. ताई एकेका पाटीपुढून सावकाश गेल्या, समाधानाने परत फिरल्या आणि म्हणाल्या, "छान. पहिल्यांदाच करताय असं वाटत नाही." सगळ्यांना दिसत होतं आणि ताईंच्या वयाचा मान म्हणून सगळे गप्प होते. मीनल माझ्याकडे पाहत होती. ती बोलली असती तर ताईंना ते परक्या तोंडून कळलं असतं.

मी म्हटलं, "ताई, हे निळे आहेत. सगळेच."

त्यांनी पुन्हा पाट्यांकडे पाहिलं. पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, तिसऱ्या तासापासून.

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझे डोळे म्हातारे झाले, त्याला डॉक्टर आहेत. मी तुझ्या डोळ्यांवर विसंबून होते, कल्पना."

एवढं बोलून त्या विद्यार्थ्यांकडे वळल्या. मी चुकीचं शिकवलं, पुन्हा शिकवीन, पाट्या इथेच ठेवून जा, असं त्यांनी सरळ सांगितलं. आवाजात ना लाज होती ना त्रागा. माझ्याशी मात्र त्यानंतर तीन आठवडे त्या बोलल्या नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख मला मीनलकडून कळली. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

एका सकाळी फोन आला. उद्या ये, पाट्या बघायच्यात. मी पोचले तेव्हा ताई काळा चष्मा लावून व्हरांड्यात उभ्या होत्या. चष्मा काढून त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली होती, त्यामुळे एकच पाटी त्यांना दोन रंगांची दिसत होती. "अगं, काय हे, कोणी धुणं वाळत घातलंय का इथे?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की स्टुलावर बसावं लागलं. मी हसता हसता रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, पांढरा घे, थेंब मोज. दोनच लागले.

पुढच्या रविवारी ताईंनी सगळ्या तुकडीला पुन्हा मोबाइलवर बोलावलं. सुरुवातीलाच आपल्या मोतीबिंदूची आणि सहा थेंबांची हकिगत सांगितली. मग मला म्हणाल्या, ते न वाचलेले प्रश्न आता वाच. सगळे. नाव घेऊन. मी वाचले. मीनलचे तिन्ही वाचले, माझं तिला दिलेलं उत्तरही वाचलं. शिक्षा अशी असावी की पुढे आयुष्यभर हलकं वाटावं, हे मला त्या दिवशी कळलं. मीनल आज स्टुडिओत शनिवारची तुकडी घेते.

ताईंचे गुण मोजायला बसलं तर हा लेख पुरायचा नाही. लग्नघरचा चौरंग रंगवून देताना त्या पैसे घेत नाहीत. शिकायला आलेल्या माणसाची पहिली बिघडलेली पाटी त्या जपून ठेवतात आणि तो तयार झाला की त्याच्या हवाली करतात. माझीही दिली, पाच बोटं बुजवल्याच्या खुणांची. पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते हे की सत्तरी उलटल्यावर, नावारूपाला आलेल्या असताना, भर वर्गात 'मी चुकले' म्हणायला त्यांना एक श्वासही जास्तीचा लागला नाही.

मोबाइलवरचा वर्ग अजूनही होतो; दोन महिन्यांपूर्वी तो चालू असताना ताईंनी पिसाने शीर ओढली आणि ती मध्येच थरथरली. दुसरी ओढली, तीही. पडद्यापलीकडे चाळीस माणसं बघत होती. या वेळी मी आठ सेकंदही थांबले नाही. म्हटलं, ताई, शीर हलतेय. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली, उघडली. मग पीस माझ्यापुढे धरलं. "मग तू ओढ. मी बोलते. चुकलीस तर सगळ्यांसमोर सांगेन हां." त्या दिवसापासून आमचा वर्ग तसाच चालतो, हात माझा आणि जीभ त्यांची. त्या रोज दोनदा तरी माझी चूक काढतात.

ताईंना निरोगी शंभर वर्षं लाभोत, असं इथे सगळेच म्हणतील आणि मीही मनापासून म्हणते. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रियाही नीट पार पडली आहे, आता हाताला काय लागेल ते डॉक्टर बघतील. बाकी जे दिसेल ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आहे. त्या व्हरांड्यात ते करायला मला आठ आठवडे उशीर झाला होता. पुन्हा होणार नाही, ताई.