मोडका भाग धाडा

दिनकररावांचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता, मग ट्रक ड्रायव्हरवर कुठून असणार? निजामाच्या राजवटीत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पोत्यांत सळई खुपसून माल तपासण्यात त्यांची बारा वर्षं गेली. नाका उठला. सेलूच्या कापूस वाहतुकीच्या कचेरीत ते गाड्या सोडायला बसले, पण खोड काही गेली नाही. त्यांनी कायदाच करून टाकला होता. गाडी वाटेत बंद पडली, की मोडका भाग बसच्या कंडक्टरबरोबर कचेरीत धाडायचा. भाग त्यांच्या टेबलाच्या खणात पडला, तरच निरोप खरा. ड्रायव्हर लोक तोंडावर नमस्कार घालायचे अन् पाठीमागं शिव्या.

सत्तावन्न सालच्या माघात कंडक्टरनं आश्रुबा ड्रायव्हरचा निरोप आणला. ताडकळसच्या अलीकडं गाडी कापसासकट उभी होती.

"इंजिन सुरू करताना फिरवायचं हँडल उलटं फिरलं म्हणं. मनगट मोडलंय. दुसरा ड्रायव्हर धाडा, म्हंजी दवाखान्यात जाता येईल," असं सांगून त्यानं लोखंडी हँडल टेबलावर ठेवलं.

दिनकररावांनी ते उजेडात धरलं, फरशीवर आपटून पाहिलं. कुठं चीर नाही, बाक नाही. आश्रुबाची सासुरवाडी ताडकळसची, हेही त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. पाहुणचार झोडायलाय लेकाचा, त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

"हँडल शाबूत हाय. गाडी घेऊन निघ म्हणावं, न्हाईतर घरी बस."

हँडल आल्या वाटेनं परत गेलं. लिंबाजी ड्रायव्हर ओट्यावर बिडी ओढत रिकामाच बसला होता. त्याला धाडायला काय जात होतं? पण नाही.

चौथ्या दिवशी आश्रुबा आला. भरली गाडी सोडून तो हललाच नव्हता. शेवटी वाटेवरच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला दया आली, त्यानं गाडी आणून लावली. परभणीच्या डॉक्टरनं हात कामट्यांत बांधला होता. लय उशीर झाला, हात वाकडाच जुळणार, असंही सांगितलं होतं. आता या हातानं स्टिअरिंग कोण फिरवणार?

आश्रुबानं तो हात टेबलावर ठेवला.

"घ्या रावसाहेब. मोडका भाग आणलाय."

सवयीनं दिनकररावांची बोटं कामट्या चाचपायला पुढं झाली, अन् त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला वाटलं, आश्रुबा..."

"तुमाला वाटणारच. भाग खणात पडल्याबिगर तुमी खरं मानत न्हाई. ह्यो कसा ठिवू, तेवढं सांगा."

आश्रुबानं हात टेबलावरून उचलला अन् तो ओटा उतरून निघून गेला.