वच्छलाचा उभा क्ष

अंजनगाव सुर्जीच्या एका पतसंस्थेत वच्छला झाडलोट करायची. तिथं शिपायाची जागा निघाली, पण दहावी पास पाहिजे. मग काय, बाईनं बाहेरून फॉर्म भरला आणि लेक आकांक्षासोबतच परीक्षेला बसली. मराठी, इतिहास भाकरी थापता थापता पाठ झाले. बीजगणितानं मात्र छळलं. त्यात जमला तो एक आलेखच. दोन रेषा ओढायच्या, कुठं कापतात ते पाहायचं. पास व्हायचं तर त्याच्याच जिवावर.

पेपर सुटला. शाळेसमोरच्या रसवंतीवर मायलेकी टेकल्या.

"माय, आलेखाचं उत्तर काय आलं?"

"क्ष चार, य दोन."

"मायंबी थेच!" आकांक्षा टुणकन उडाली. प्रश्नपत्रिकेच्या मागं तिनं आकृती काढलीसुद्धा. "हे पाय, क्ष वजा य बरोबर दोन. आडव्या अक्षाले दोनवर कापून रेघ वर चालली."

वच्छलानं रसाचा ग्लास खाली ठेवला. "मायी तं उभ्याले कापून गेली वं."

"उभ्याले? कावून? क्ष कोनीकडं घेतला तू?"

"वर. आधी उभं, मंग आडवं."

"आधी आडवं असते, माय!"

"वावरात वखर आधी उभाच चालते. मंग आडवा."

"बाप्पा! बोर्डाच्या पेपरात कपाशी पेरून आली का तू?" आकांक्षा हसली, पण आईनं डोळ्यांना पदर लावला. गेली जागा, वच्छलाला वाटलं. झाडू काही सुटत नाही.

तेवढ्यात आकांक्षाचे गणिताचे ओमप्रकाश सर स्कूटर लावताना दिसले. तिनं त्यांना हाताला धरूनच आणलं.

"काय म्हणतो मी, वच्छलाताई, रडता कायले?" सरांनी सगळं ऐकलं. "अक्षाले नावं देल्ली होती?"

"हाव सर. उभ्याच्या टोकाले क्ष, आडव्याच्या टोकाले य."

सरांनी तिच्या सांगण्यावरून तिचा आलेख कोऱ्या कागदावर काढला. मग कागद पालथा केला, उन्हाकडं धरला आणि पाव फेरा फिरवला. पलीकडून हुबेहूब आकांक्षाचा आलेख!

"काय म्हणतो मी, जिथं क्ष लिहिला थोच क्षचा अक्ष. पुस्तकाची रीत नोये, पण गणित नाई चुकलं. मी तपासला असता तं पुरे गुण देल्ले असते."

वच्छलानं पदरानं तोंड पुसलं. छातीवरचा धोंडा अर्धा तरी उतरला. उरलेला निकालापर्यंत तसाच राहिला.

निकाल लागला. गणितात एकोणचाळीस. पास!

गुणपत्रिका पाहून पतसंस्थेचे साहेब म्हणाले, "वा! मग कामावर कधीपासून येता?"

"आलीच आहो नं साहेब," वच्छला म्हणाली, आणि हातातला झाडू तिनं भिंतीला टेकवून ठेवला.