भिंतीपलीकडच्या मुलींची मोजणी

हर्णैच्या वाळूत मासेमारीचं फाटकं जाळं ताणून व्हॉलीबॉल शिकलेला नसरुद्दीन सौदीतल्या दम्मामच्या एका भारतीय शाळेत खेळ शिकवायचा. शाळा पालकांच्या मंडळाची, म्हणजे सर्वांची. त्यामुळे तिचं सगळंच मोठं होतं, मैदान सोडून.

सौदीकरणाचा, म्हणजे परक्यांच्या नोकऱ्या सौदींना देण्याचा, जोर होता. कुणाची नोकरी जायची, कुणाला सोबतच्या कुटुंबावरचा सरकारी कर झेपायचा नाही, आणि चांगला जमलेला खेळाडू अचानक कायमच्या एक्झिट व्हिसावर मायदेशी निघायचा. कप्तान झैदचं कुटुंबही उन्हाळ्यात गाशा गुंडाळणार होतं. चषक मिळायचा तर यंदाच.

आडवा येत होता गटवारीचा नियम. आंतरशालेय स्पर्धेत पटसंख्येवरून मोठा गट आणि लहान गट पडायचा. नसरुद्दीनची शाळा मोठ्या गटात, कारण पटावर मुलीही होत्या. त्यांचा विभाग भिंतीपलीकडे. त्यांना स्पर्धेत खेळायची मुभा नव्हती, मोजणीत मात्र त्या पहिल्यापासून होत्या. उलट अण्णासाहेबांची खासगी शाळा फक्त मुलग्यांची. ती उंच पोरांना फी माफ करून बोलवायची आणि लहान गटात सुखाने जिंकायची. स्पर्धा समितीचे अध्यक्षही अण्णासाहेबच. नियम न्याय्य आहे यावर समितीचं एकमत होतं. हरणाऱ्या शाळा समितीवर नव्हत्या.

नसरुद्दीनने अर्ज केला: फक्त मुलगे मोजा, म्हणजे आमची शाळाही लहान गटात येईल.

अण्णासाहेब चक्क तयार झाले. "मास्तर, मी कोल्हापूरचा. कुस्तीत वजन बघून जोड लावतात, पण पैलवानाच्या वजनात कुणी त्याची बहीण धरत नाही. पुढच्या बैठकीत मंजूर करू. खलास!"

नसरुद्दीन तरंगत घरी आला. बायको सुरैया मुलींच्या विभागात विज्ञान शिकवायची. ती सुरमई साफ करत होती.

"वा!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मोजायला आमच्या पोरी आणि खेळायला तुमची पोरं. आता मोजायलाही नकोत!"

"अगं, पोरांचं भलं होतंय."

"होऊ दे की. मी वर्गात काय सांगू? पोरींनो, बेरजेत तरी होतात, आता तिथूनही नाव गेलं?"

सुरमई ताटात आली, पण नसरुद्दीन नुसते काटे काढत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने झैदला विचारलं, अर्ज मागे घेतला तर? चषक त्याचाही जाणार होता.

"मोठ्या गटात आपल्याला धुतील, सर," झैद म्हणाला.

"धुतील."

झैदने चेंडू जमिनीवर आपटला. "माझी बहीण गच्चीवर मला रोज हरवते. खेळू दे तिला. निदान घरी माझं डोकं खाणार नाही."

बैठकीत नसरुद्दीन उभा राहिला. "अर्ज मागे घेतो. मुली मोजा. पण मोजता, तर खेळवा. त्यांच्याच विभागात, दारं लावून, पंचही बायकाच."

"हातातला चषक सोडताय, मास्तर?"

"तुमच्या शाळेत मुली घेत नाहीत, अण्णासाहेब. म्हणून तुमची लेक रुचा आमच्या पटावर आहे. तिलाही आपण मोजतोच."

अण्णासाहेबांनी रिकामा कप तोंडाला लावला, आणि मग मंजूर म्हणाले.

पोरं मोठ्या गटात सरळ हरली. लहान गटाचा चषक नेहमीप्रमाणे अण्णासाहेबांच्या शाळेने नेला. न्यायालाही सगळं एकाच वर्षी जमत नाही. झैदने जिंकणाऱ्यांशी हात मिळवले आणि घाम पुसत ओरडला, "यल्ला, चला सर! आता मुलींची मॅच!"

शनिवारी मुलींच्या भिंतीबाहेर, सावलीच्या पट्ट्यात, नसरुद्दीन आणि अण्णासाहेब शेजारी बसले. आत जायची दोघांनाही परवानगी नव्हती. आतून चेंडूचे धपके येत होते, मधूनच सुरैयाची शिट्टी.

"पॉइंट कुणाचा?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"ओरडण्यावरून तरी आमच्या पोरींचा."

"रुचाचा आवाज ओळखला मी. घरी तर ती बोलतसुद्धा नाही." अण्णासाहेबांनी घसा खाकरला. "उपकार झाले, मास्तर."

"माझे नाहीत. जिने मला सुखाने जेवू दिलं नाही, तिचे माना. मीही तेच करतोय."

पुन्हा शिट्टी वाजली, आत एकच गिल्ला झाला, आणि काही दिसत नसतानाही दोघे उठून उभे राहिले.