अस्करची बस

बहारीनभरच्या मराठी माणसांचं आमचं एक मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत पक्ष, पॅनेल, गट या सगळ्यांना बंदी होती. ‘सभासदांनी गटाने मतदान करू नये’ हे कलम मीच लिहिलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. निवडणूक अधिकारीही मीच होतो.

त्या वर्षी अस्करच्या कामगार कॅम्पातला माझा मित्र उभा राहिला. चिपळूणकडचा, क्रेन चालवायचा, दर शुक्रवारी माझ्याकडून एक पुस्तक न्यायचा आणि मला मास्तर म्हणायचा. त्याला एकच गोष्ट करायची होती. कॅम्पात कुणी गेलं तर मंडळाने कागदपत्रांसाठी धावावं, देह शवागारात पडून राहू नये. समोर रिफाच्या बंगल्यांतले एक बँकवाले होते.

मतदानाला रिफाची मंडळी आपापल्या गाड्यांतून आली. मत कुणाला द्यायचं हे त्यांचं आदल्या रात्री एकाच टेबलावर ठरलं होतं. त्या जेवणाला मीही होतो. अस्करचे कामगार कॅम्पाच्या बसने आले. त्यांच्याकडे दुसरं वाहन नव्हतं.

“सगळे एका बसमधून उतरले. हा गट नाही तर काय?” बँकवाले म्हणाले.

“मग काय एकेकट्याने उन्हातून चालत यायचं होतं, मास्तर?” मित्र माझ्याकडे बघून हसला. मी मार्ग काढीन अशी त्याला खात्री होती.

मी कलम दोनदा वाचलं आणि बसमधल्या प्रत्येकाचं मत बाद केलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने पुस्तक परत आणून दिलं. दुसरं नेलं नाही.

उन्हाळ्यात तो शिफ्टवर असतानाच कोसळला आणि गेला. मी नव्या अध्यक्षांना, म्हणजे त्याच बँकवाल्यांना, फोन केला.

“खाजगी बाबींत मंडळ पडत नाही हो,” ते म्हणाले. “नियमांचं तुम्हाला कोण सांगणार!”

कुठला कागद आधी लागतो हेही मला माहीत नव्हतं. ते त्याला माहीत होतं. अकरा दिवस तो शवागारात होता.

मुहर्रकला, विमानतळाच्या कार्गो गेटपाशी, मी पेटीजवळ उभा असताना तीच बस आली. दार उघडलं, पण कुणी उतरेना. मग पायरीवरचा एक जण माझ्याकडे बघून आत वळला आणि मोठ्याने म्हणाला,

“थांबा रे. साहेबांना विचारा आधी. सगळे एकदम उतरलो तर चालेल का?”