पूजेपुरती जाळी

आमच्या सूतगिरणीत पिंजणीच्या मशीनला पट्ट्यावरची जाळी वर्षातून एकदाच लागते, खंडेनवमीला. धुऊन-पुसून बसवतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. दसऱ्याची सुट्टी संपली की फिटर ती काढून गोदामामागं टाकतो. जाळी असली की अडकलेला कापूस काढायला मशीन थांबवावं लागतं, अन् थांबलेलं मशीन मालकाला खपत नाही. फिरत्या पट्ट्याला आडोसा हा कामगाराचा हक्क आहे, असं गेटवरच्या बोर्डावर चांगलं मराठीत लिहिलंय. नांदगाव पेठेत उतरलं की रोज त्याच बोर्डाखाली आम्ही हजेरीला उभ्या असतो. वाचून वाचून कंटाळा आला, बाप्पा.

यंदा पूजेच्या आधी आपाची ओढणी पट्ट्यात गेली. आपा माझ्या जोडीला त्याच मशीनवर, वयानं मोठी. दोघी वलगावहून एकाच ऑटोत येतो. मी बटण दाबलं म्हणून ओढणीवरच निभावलं. "ईदची होती गं," एवढंच ती म्हणाली. मला तिचाही राग आला, सगळ्यांचाच आला.

म्हणून दसऱ्यानंतर फिटर पाना घेऊन आला तेव्हा मी जाळीवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, "राहू द्या. आपाचा हात जाईल एखाद दिवशी."

सुपरवायझर आला. "बाई, पूजा झाली ना? आता कशाले पायजे जाळी?"

"पूजेसाठी नाही, कायद्यानं पायजे. बोर्ड तुमीच लावला."

"काहून हात दाखवून अवलक्षण करून राहिल्या?" माणूस वाईट नाही, त्यालाही वरून बोलणी बसतात. मग म्हणाला, "तुमाले भेव वाटते त तुमी पॅकिंगले जा. तिथं पट्टा नाही."

"मी आपासाठी बोलून राहिली," मी म्हटलं. पण आपानंच मला कोपरानं ढकललं. "जाय तू. एक त सुटली."

फिटरनं माझ्यासमोर जाळी उतरवली. वाळलेला हार तिला तसाच होता.

आता मी पॅकिंगमध्ये. बसायला स्टूल आहे, खिडकी आहे. भांडले कुणासाठी अन् पदरात पडलं कुणाच्या, याचीच लाज वाटते. कान पलीकडच्या शेडमध्येच असतात. मशीन मध्येच बंद पडलं की हातातलं टाकून धावते. आपा वैतागते, "काय पाहून राहिली? कापूस जास्त अडकला त पट्टाच थांबते."

आजवर दरवेळी कापूसच निघाला.